आशियाई रंगभूमीचे विद्यापीठीय शिक्षण : हवाई विद्यापीठ

आशियातील पारंपरिक नाट्यप्रकारांचे शिक्षण शतकानुशतके घराण्यात, मंदिराच्या आश्रयाने किंवा नाटकमंडळीत होत आले. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात, तेही परभाषिक विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष प्रयोगांतून ते देण्याचा उपक्रम विसाव्या शतकातील होय. या उपक्रमाचे सर्वांत दीर्घकाळ चाललेले व विचारपूर्वक राबविलेले उदाहरण म्हणजे होनोलूलूच्या मानोआ भागातील हवाई विद्यापीठ (स्थापना १९०७). विस्कॉन्सिन विद्यापीठात ए. सी. स्कॉट (१९०९–८५) यांनी १९६३ मध्ये सुरू केलेला आशियाई रंगभूमीचा अभ्यासक्रम हा त्याचा समकालीन. तथापि तेथे नटाच्या शरीरसाधनेवर भर होता, तर हवाईमध्ये संपूर्ण नाटकाच्या प्रयोगावर.

हा उपक्रम हवाईतच रुजावा, यामागे त्या बेटांचा इतिहास आहे. उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी १८५२ पासून चिनी आणि १८८५ पासून मोठ्या संख्येने जपानी लोक तेथे आले. त्यांनी आपली गाणी, नृत्ये व नाटके बरोबर आणली. १९३०च्या दशकात विद्यापीठाच्या नाट्यसंघात जपानी, चिनी, हवाईयन आणि गोरे विद्यार्थी आपापल्या परंपरेतील नाटके वेगवेगळी सादर करीत. म्हणजे आशियाई रंगभूमी हा तेथे केवळ परदेशी कुतूहलाचा विषय नव्हता. प्रेक्षागृहात बसलेल्या अनेकांच्या आजोळची ती गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धात मात्र जपानी कलांवर संशयाची छाया पडली व त्यांचे जाहीर प्रयोग थांबले.

युद्धोत्तर कालखंडातील पहिले महत्त्वाचे नाव अर्ल अर्न्स्ट यांचे. जपानवर अमेरिकेचा लष्करी अंमल असताना ते टोकिओत नाट्य-अभ्यवेक्षक होते. सरंजामी स्वामिनिष्ठा शिकविणारी म्हणून अनेक काबुकी नाटके त्या अमदानीत निषिद्ध ठरली. धन्याच्या मुलाला वाचविण्यासाठी सेवक स्वतःच्या मुलाचे शिर देतो, असा प्रसंग असलेल्या ‘तेराकोया’ या प्रवेशाचा चालू प्रयोग नोव्हेंबर १९४५ मध्ये बंद पाडण्यात आला. पुढे अर्न्स्ट यांनी द काबुकी थिएटर (१९५६) हा ग्रंथ लिहिला आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तीन जपानी नाटकांच्या संग्रहात, ज्या नाटकात हा प्रवेश येतो तेच नाटक इंग्रजीत आणले. ज्या यंत्रणेने नाटक थांबविले तिच्यातील माणसाने ते परभाषेत उभे करावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. बंदीसाठी का होईना, संहिता बारकाईने वाचाव्या लागल्या आणि त्यांतून आस्था निर्माण झाली, असे दिसते. १९५०च्या दशकाच्या आरंभी विद्यापीठात इंग्रजीतून काबुकीचे प्रयोग होऊ लागले.

विख्यात वास्तुशिल्पी आय. एम. पेई यांच्या आराखड्यानुसार बांधलेले केनेडी नाट्यगृह १९६३ मध्ये खुले झाले. काबुकीसाठी तेथे प्रेक्षागृहातून रंगमंचाकडे जाणारा ‘हानामिची’ (पुष्पपथ) उभारता येई. नटाच्या प्रवेशाची व निर्गमनाची शैली या मार्गावाचून शिकविताच येत नाही.

जेम्स ब्रँडन (१९२७–२०१५) हे १९६८ मध्ये विद्यापीठात आले आणि उपक्रमाला शास्त्रीय बैठक लाभली. आग्नेय आशियातील रंगभूमीवरील त्यांचा ग्रंथ (१९६७) त्यापूर्वीच प्रसिद्ध झाला होता. काबुकीचे भाषांतर म्हणजे केवळ संवादांचे भाषांतर नव्हे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. त्यांच्या काबुकी : फाइव्ह क्लासिक प्लेज (१९७५) या संग्रहात शामिसेनची साथ कोठे सुरू होते, लाकडी ठोकळ्यांचा आघात कोठे पडतो, नट ‘मिए’ची स्थिर मुद्रा कोणत्या शब्दावर धरतो, याच्या नोंदी संवादांच्या जोडीने येतात. सात व पाच अक्षरांच्या जपानी लयीला इंग्रजीत पर्याय शोधणे हे सर्वांत कठीण काम होते. इंग्रजीतील बलाघात जपानीत नाहीत. विद्यार्थ्यांना आवाजाचे चढउतार आधी अर्थाविना, नादाने पाठ करावे लागत आणि अर्थ मागाहून येई. आपल्याकडे गायकाला चीज आधी गळ्यावर चढवावी लागते, त्याच्याशी ही पद्धत मिळतीजुळती आहे.

जपानी व्यावसायिक नटांना गुरू म्हणून पाचारण करण्यात आले. त्यांना काही तडजोडी स्वीकाराव्या लागल्या. काबुकीत १६२९ पासून स्त्रियांना मज्जाव आहे आणि स्त्रीभूमिका ‘ओन्नागाता’ हे पुरुष नट करतात. विद्यापीठात मात्र विद्यार्थिनीही रंगमंचावर आल्या. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातील पेच सहज उमगेल : पुरुषाने घडविलेली स्त्रीची प्रतिमा स्त्रीने पुन्हा आत्मसात करायची, म्हणजे अनुकरणाचे अनुकरण करायचे. पण त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. ही स्त्री चाल, मान आणि बाही यांच्या शिस्तीतून घडते, निसर्गतः येत नाही. आत्मसात करण्यासारखी एक तंत्रव्यवस्था येथे आहे, याचा त्याहून चांगला पुरावा शोधावा लागत नाही.

संस्कृत नाटकाची स्थिती निराळी होती. १९७४ मध्ये होनोलूलूत संस्कृत नाटकाच्या प्रयोगविषयक परिषदेच्या निमित्ताने भासाचे स्वप्नवासवदत्त शांता गांधी (१९१७–२००२) यांच्या दिग्दर्शनाखाली सादर झाले. संबंधित लेखांचा ग्रंथ १९८१ मध्ये निघाला. काबुकीत नटाला गुरूचा हात धरता येतो, येथे तो नव्हता. नाट्यशास्त्रातील वर्णने, केरळातील कूडियाट्टमसारखी जिवंत परंपरा आणि दिग्दर्शकाची कल्पकता यांची सांगड घालावी लागली. परंपरेचे शिक्षण आणि परंपरेची पुनर्रचना यांतील हा भेद अशा उपक्रमांत नेहमीच स्पष्टपणे मांडला जातो असे नाही.

चिनी जिंगजू (पेकिंग ऑपेरा) प्रयोगांची धुरा एलिझाबेथ विखमन यांनी वाहिली. त्यांनी नानजिंग येथे राहून अभ्यास केला होता. मेई लानफांग (१८९४–१९६१) यांच्या शिष्या शेन शियाओमेई यांना त्यांनी होनोलूलूला आणले आणि १९८५ मध्ये मेई यांच्या नाटकांपैकी ‘फीनिक्स पक्षी घरट्याकडे परततो’ या अर्थाच्या नाटकाचा इंग्रजी प्रयोग केला. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांची मंडळी चीनच्या दौऱ्यावर गेली. चीनमध्ये इंग्रजीतून सादर झालेले हे पहिले जिंगजू मानले जाते. चिनी शब्दाचा स्वर अर्थाचा भाग असतो आणि चाल त्याला जपून बांधलेली असते. इंग्रजीत तो आधार नाही. म्हणून ओळीतील अक्षरसंख्या मूळाप्रमाणे राखून शब्द शिपी व एरहुआंग या चालींत बसविण्यात आले. एका प्रयोगाच्या तयारीत शैक्षणिक वर्षाचा बराच काळ जाई. पुढे कर्स्टिन पाउका यांनी पश्चिम सुमात्रातील रांदाई हा युद्धकलेवर आधारलेला प्रकार शिकविला; त्याचा इंग्रजी प्रयोग २००१ मध्ये झाला.

या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले. बालपणापासून शरीर घडविणाऱ्या कलेला काही महिन्यांत कोणी न्याय देऊ शकत नाही, हा त्यांतील सर्वांत सबळ. हवाईतील अध्यापकांनी पदवीधरांना व्यावसायिक काबुकी वा जिंगजू नट बनविण्याचा दावा केला नाही. जपानच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या काबुकी प्रशिक्षणात १९७० मध्ये प्रवेश मिळालेले पहिले परकीय लेनर्ड प्राँको हेदेखील कॅलिफोर्नियात अध्यापकच राहिले. या शिक्षणाचे फळ नटांपेक्षा अभ्यासकांत अधिक दिसते. स्वतः पदन्यास केल्याने त्यांच्या लेखनात पुस्तकी वर्णनाऐवजी कृतीची जाण आली. ब्रँडन यांनी १९८४ मध्ये सुरू केलेले एशियन थिएटर जर्नल हे नियतकालिक आणि काबुकीच्या युद्धकालीन वर्तनाचा पडदा उघडणारा त्यांचा २००९ चा ग्रंथ ही त्याची उदाहरणे होत. काबुकीला अमेरिकन अधिकाऱ्याने वाचविले, ही प्रचलित आख्यायिका ब्रँडन यांनीच २००६ मध्ये कागदपत्रांच्या आधारे तपासून संशयास्पद ठरविली.