प्रथिनांची तूट आणि गुळाचा लाडू

भाजलेले गहू, हरभरे आणि शेंगदाणे दळायचे, त्यात गूळ कालवायचा आणि लाडू वळायचे. भट्टी नको की ओव्हन नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी सुचवलेलं 'हैदराबाद मिक्स' म्हणजे हेच मिश्रण. प्रमाण असं: गहू ४० ग्रॅम, हरभरे १६, दाणे १० आणि गूळ २०. या ८६ ग्रॅममधून सुमारे ३३० किलोकॅलरी ऊर्जा आणि ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पण प्रथिनंच हवी होती, तर दाणे आणि हरभरे जास्त का नाही घेतले? गहू आणि गूळ मिळून ६० ग्रॅम कशासाठी? याचं उत्तर विसाव्या शतकातल्या एका वादात आहे.

सिसिली विल्यम्स या डॉक्टर गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करत होत्या. अंगावरचं दूध सुटून मक्याच्या पेजेवर आलेल्या मुलांना सूज येई, कातडी सोलवटून निघे. १९३५ मध्ये त्यांनी या आजाराचं स्थानिक नाव, 'क्वाशिओरकोर', वैद्यकशास्त्रात आणलं. प्रथिनं कमी पडत असावीत, ही शक्यता त्यांनी आधीच मांडली होती.

पुढे या शक्यतेचा सिद्धान्तच झाला. १९५५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रथिनांसाठी सल्लागार गट नेमला. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा अहवाल येऊ घातलेल्या 'प्रथिन-संकटा'बद्दल बोलू लागला. माशांचं पीठ, तेलबियांच्या पेंडीचं पीठ असे पदार्थ तयार होऊ लागले. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने ७५ भाग शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ आणि २५ भाग हरभऱ्याचं पीठ असं 'बहुउद्देशीय अन्न' बनवलं.

याच काळात हैदराबादला डॉ. सी. गोपालन वेगळंच सांगत होते. सुजलेल्या मुलांचा आणि नुसत्याच हाडकुळ्या झालेल्या मुलांचा आहार त्यांनी ताडून पाहिला. दोहोंत ठळक फरक दिसेना. दोघांनाही मुळात अन्नच अपुरं मिळत होतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९७० मध्ये भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे तपासून दाखवलं, की ज्यांना प्रथिनं कमी पडतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना ऊर्जाही कमी पडते.

यामागचं कारण साधं आहे. पोटात पुरेसं अन्न नसलं, की शरीर प्रथिनंही सरपणासारखी जाळतं. मग वाढीसाठी उरणार काय? १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी 'लॅन्सेट'मध्ये प्रथिनांमागच्या या धावपळीवर कडक टीका केली आणि वाद जगापुढे आला. याचा अर्थ प्रथिनं बिनमहत्त्वाची असा नाही. ती पोटभर अन्नासोबत मिळाली, तरच कामी येतात.

आता पुन्हा लाडवाकडे पाहू. गहू आणि गूळ ऊर्जा पुरवतात, म्हणून प्रथिनं वाचतात. शिवाय गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. ते हरभरा भरून काढतो. भाजल्याने हरभऱ्यातले पचनाला अडथळा करणारे घटक निष्प्रभ होतात आणि ओल जाऊन पीठ टिकतं. दाणे मात्र निवडूनच घ्यावेत. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने मेले, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. ते भाजूनही पुरतं जात नाही.

वर्गात एक हिशेब जरूर करून घ्या. ८६ ग्रॅमचे चार लाडू केले, तर एकात प्रथिनं किती? एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. मग एका अंड्याच्या बरोबरीला किती लाडू लागतील? आणि गूळ काढून टाकला, तर प्रथिनं तेवढीच राहतील, पण ऊर्जा किती घटेल?