केवढा होता? आपोआप फिरणाऱ्या कळीची गोष्ट

सुरगाण्याकडच्या एखाद्या गावात रात्री बोहाडा बघताना फोनवर व्हिडिओ काढलाय का कधी? घरी येऊन ऐका. संबळाचे ठोके सुरू झाले की आजूबाजूची कुजबुज, पोरांचं रडणं एकदम बुडून जातं. ठोके थांबले की तेच आवाज हळूहळू वर येतात. माणसं तर तेवढ्याच आवाजात बोलत होती. फोननं आवाजाची कळ आपणहून खाली-वर फिरवली, आणि किती फिरवली ते कुठंही लिहून ठेवलं नाही.

करमणुकीला हे चालतं. पण याच पट्ट्यात, सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीच्या गावांत, अधूनमधून भूकंपाचे सौम्य धक्के बसतात. मांडणीवरची भांडी थरथरतात, लोक बाहेर येतात आणि पहिला प्रश्न असतो, "केवढा होता?" त्याचं उत्तर देणाऱ्या यंत्राला अशी लपवाछपवी परवडत नाही.

भूकंपमापकाची खरी अडचण आवाक्याची आहे. शांत रात्रीची जमिनीची बारीक थरथर आणि जवळचा मोठा धक्का यांत एक कोटी पटींहून जास्त फरक असू शकतो. १९६०च्या दशकात पुण्यात जागतिक जाळ्यातलं भूकंपमापन केंद्र होतं. अणुचाचण्यांवर नजर ठेवण्याच्या गरजेतून ते जाळं उभं राहिलं होतं. तिथं प्रकाशाची रेघ फोटोच्या कागदावर उमटायची आणि गेन, म्हणजे संकेत किती पट मोठा करायचा ते, आधीच ठरवून ठेवावं लागायचं. जास्त ठेवलं की मोठ्या धक्क्याला रेघ कागदाबाहेर. कमी ठेवलं की लहान धक्के दिसतच नाहीत.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या पोटातल्या गॅलरीत एक वेगळं, मुद्दाम 'बहिरं' ठेवलेलं यंत्र होतं. फक्त जोरदार हादरा बसला तरच जागं होणारं. त्यानं नोंदवलेलं सर्वाधिक त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट असं सांगितलं जातं. धरणाच्या आराखड्यात ०.०५ धरलं होतं. ती नोंद पुढं जगभरच्या धरण-अभियंत्यांनी वापरली. लहान धक्क्यांसाठी मात्र दुसरी यंत्रं लागायचीच.

१९७०च्या दशकात नोंदी डिजिटल झाल्या आणि एकाच यंत्रानं दोन्ही ऐकावं, अशी खटपट सुरू झाली. संकेताचे आकडे करणारा भाग म्हणजे एडीसी. १२ बिटांचा एडीसी ४०९६ पायऱ्याच मोजतो. एक कोटी कुठं आणि चार हजार कुठं! मग एडीसीच्या आधी आपोआप बदलणारा गेन बसवला. संकेत वाढला की गेन निम्मा, अजून वाढला की त्याच्याही निम्मा.

इथं घोळ सुरू होतो. समजा खरा संकेत ४०० आहे. गेन ४ असताना एडीसी १६०० दाखवेल, गेन १ झाला की ४००. पहिल्याला चारानं भागलं की दोन्ही जुळतात. पण एडीसीच्या शून्यातच ८ची चूक असेल तर? १६०८ भागिले ४ म्हणजे ४०२, आणि दुसरीकडं ४०८. जमीन जागच्या जागी, नोंदीत मात्र ६ची उडी. गेन ४ऐवजी ४.०४ असला तरी तेच: ४०४वरून ४००. त्वरणाच्या नोंदीवरून जमीन किती सरकली ते काढायला दोनदा संकलन करावं लागतं, आणि त्यात एवढीशी उडी फुगत फुगत भलतंच सरकणं दाखवते. भूगर्भात काहीच न होता!

उपाय म्हणाल तर सगळे कंटाळवाण्या शिस्तीचे आहेत. प्रत्येक गेनचं खरं माप वेगळं काढायचं, शून्य पुन्हा पुन्हा तपासायचं. गेन दोन मोजण्यांच्या मधेच बदलायचा आणि सर्किट स्थिरावेपर्यंत पुढचा आकडा घ्यायचा नाही. खाली पटकन यायचं, पण वर जायच्या आधी थोडं थांबायचं. नाहीतर सीमेवरच्या संकेताला कळ सारखी टकटकत राहते.

मला सगळ्यात आवडतो तो मात्र हिशेबनिसाचा उपाय. त्या काळच्या एसआरओ नावाच्या जागतिक केंद्रांत (शिलाँगलाही एक होतं) प्रत्येक आकडा १६ बिटांचा असायचा: १२ बिटांत मोजमाप आणि ४ बिटांत त्याच क्षणीचा गेन. दोघं एकाच शब्दात बांधलेले. गेनचा आकडा एक घर जरी मागं-पुढं झाला, तर दुप्पट उंचीचा खोटा सुळका उभा राहील.

१९८०च्या दशकात हार्वर्डला जोसेफ स्टाइम यांनी २४ बिटांच्या नोंदणीवर काम केलं. २४ बिट म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख पायऱ्या. कळ फिरवायची गरजच उरली नाही. पुढं तशा चिप स्वस्त झाल्या आणि आपोआप गेन बदलणारी यंत्रं हळूहळू कपाटात गेली. त्यांच्या जुन्या नोंदी उघडताना मात्र आजही आधी ते ४ बिट वेगळे काढावे लागतात.

फोनवरून भूकंप ओळखणारी ॲप्सही माइक वापरत नाहीत. ती ॲक्सेलरोमीटर वाचतात. बोहाड्याच्या तुमच्या व्हिडिओवरून संबळ नेमका किती जोरात वाजत होता, ते मात्र आता कुणालाच काढता येणार नाही.