मिरचीवरचा आळ

भाकरीवर ठेचा आणि जोडीला फोडलेला कांदा, हे आपलं पिढीजात जेवण असं आपण धरून चालतो. इतिहासाला विचारलं तर तो वेगळी साक्ष देतो. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली, त्या वेळी साऱ्या महाराष्ट्रात मिरचीचं एक रोपही नव्हतं. स्वयंपाकाला तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी, आलं आणि सुंठ यांचा. मिरची मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोकडचे लोक ती हजारो वर्षं पिकवीत आले होते. १४९२ साली मसाल्यांच्या देशांचा रस्ता शोधत निघालेला कोलंबस भलत्याच बेटांवर पोहोचला आणि तिथं मिऱ्यांऐवजी त्याला ही भेटली. त्यानं तिलाही मिऱ्याचंच नाव देऊन टाकलं! पुढे १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. आपणही कोलंबसासारखंच केलं. मिरीवरून तिला मिरची म्हटलं. मुंबईकडे तिला एके काळी ‘गोवाई मिरची’ म्हणत, ते याचमुळे.

मिरी ही मलबारच्या पावसातली वेल, देशोदेशी विकली जाणारी आणि महाग. मिरची मात्र परसात, न्हाणीच्या पाण्यावरसुद्धा येते. तेव्हा गरिबाच्या ताटात रोजचं तिखट आलं ते हिच्या पायी, असं म्हणायला हरकत नाही. आणि आळही हिच्यावरच आला: मिरची पोट जाळते, आतड्यांना जखमा करते. घरोघरी हे ऐकू येतं. आळ खरा की खोटा, याचा तपास लागायला फार वर्षं गेली.

१८७६ साली थ्रेश या इंग्रज रसायनज्ञानं मिरचीतलं झोंबणारं द्रव्य वेगळं काढून त्याला कॅप्सेसिन हे नाव दिलं. दोनच वर्षांनी हंगेरीतल्या होग्येश या वैद्यकशास्त्रज्ञानं दाखवलं, की हे द्रव्य संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवर काम करतं. पण कसं? त्याचं उत्तर १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. २०२१ सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात ज्युलियस यांचा वाटा होता. आपल्या जिभेतल्या आणि कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना बारीक दारं असतात. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर चटका बसला की ती उघडतात आणि मेंदूला वर्दी जाते, “भाजलं!” कॅप्सेसिन नेमकं याच दाराला जाऊन चिकटतं आणि चटका नसतानाच ते उघडतं. आग लागलेली नसताना कुणी “आग, आग” ओरडावं आणि सारा गाव घागरी घेऊन धावावा, तसा घाम फुटतो, नाक-डोळे वाहू लागतात. जीभ मात्र प्रत्यक्षात भाजलेली नसते.

शिक्षक बंधु-भगिनींना वर्गात सांगण्याजोगी एक गोष्ट. पोपट मिरच्या खुशाल खातो, कारण पक्ष्यांचं हे दार कॅप्सेसिनला दाद देत नाही. उंदरासारखे प्राणी बी चावून टाकतात. पक्षी ती सबंध गिळून दूरवर टाकतात. झाडानं आपला वाहक बरोबर निवडला म्हणायचा. शिवाय तिखटपणाचं घर बी नव्हे, तर बी जिला लागलेली असते ती आतली पांढरी शीर. लाल तितकी जहाल, असंही नाही: ब्याडगी रंगाला गडद पण चवीला मवाळ.

आता पोटाचं. १९८२ साली ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांना जठराच्या व्रणामागे एक जंतू असल्याचं आढळलं; २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. व्रणाचं दुसरं मोठं कारण म्हणजे ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या. दिल्लीच्या डॉक्टरांनी तर व्रणाच्या रोग्यांना रोज तीन ग्रॅम तिखट खायला घालून पाहिलं. तिखट खाणारे आणि न खाणारे सारखेच बरे झाले, असं त्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलं. आळ पुष्कळसा खोटा ठरला तो असा. उलट १९३० नंतरच्या दशकात हंगेरीच्याच सेंट-ज्यॉर्जी यांनी क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात मिळवलं ते मिरचीच्याच जातीतून. ताज्या हिरव्या मिरचीत ते भरपूर असतं, वाळवल्यावर बरंचसं जातं.

याचा अर्थ मूठभर मिरच्या खाण्याची पैज लावावी असा मुळीच नाही. आम्लपित्त किंवा गुदद्वाराला चीर असणाऱ्यांचा जाळ तिखटानं वाढतो, हे खरं. पण मला अधिक चिंता वाटते ती ओलसर साठवलेल्या मिरचीवर येणाऱ्या बुरशीच्या विषाची आणि तिखटात मिसळलेल्या कापडाच्या रंगाची. तसंच कांडपावर उडणाऱ्या खकाण्याची, आणि नंदुरबारसारख्या बाजारात दिवसभर देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांची. त्यांच्या हातांची आग नुसत्या पाण्यानं जात नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी हाताला गोडं तेल चोळावं, मग साबणानं धुवावं. आणि तोवर डोळ्याला बोट लावू नये. तोंडाची आग असेल तर पाण्यापेक्षा घोटभर दूध किंवा दही बरं.