तोतरेपणावरील उपचारांचा इतिहास आणि मराठवाड्यातील मुले

प्रस्तावना

उत्तर ठाऊक असूनही ते उच्चारता येत नाही म्हणून मौन पत्करणारा विद्यार्थी प्रत्येक अध्यापकाच्या परिचयाचा असतो. सुमारे 5 टक्के मुलांच्या बोलण्यात बालपणी कधी ना कधी तोतरेपणा येतो. बहुतेकांचा तो आपोआप जातो व प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे 1 टक्का उरते. मुलावर कोणता उपचार व्हावा, हे मात्र दोष कोठे आहे असे समाज मानतो, यावर ठरत आले. या बदलत्या धारणेचा मराठवाड्याच्या, विशेषतः छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) संदर्भात आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोष जिभेचा

मराठी भाषा 'बोबडा' आणि 'तोतरा' यांत भेद करते : बोबड्याचा वर्ण बदलतो, तोतऱ्याचा अडतो. पाणिनीय शिक्षेत गद्गदित उच्चार हा पठणदोष मानला आहे, तर सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गद्गदत्वाची गणना वातव्याधींत केली आहे. घरगुती उपचारांत मात्र जीभच केंद्रस्थानी राहिली. वेखंड उगाळून मधातून चाटवणे, जिभेला अक्कलकारा लावणे हे उपाय महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. युरोपही याच समजुतीत होता. 1841 मध्ये बर्लिनचे शल्यविशारद डीफेनबाख यांनी तोतरेपणा घालवण्यासाठी जिभेच्या मुळावर शस्त्रक्रिया केल्या.

जिभेकडून श्रोत्याकडे

1939 मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या वतीने 22 अनाथ मुलांवर प्रयोग झाला. बोलण्यात दोष नसलेल्या काही मुलांनाही 'तुम्ही तोतरे बोलता' असे सांगण्यात आले. ती मुले बोलण्यास कचरू लागली. याबद्दल विद्यापीठाने 2001 मध्ये जाहीर क्षमा मागितली. पुढे 2010 मध्ये काही कुटुंबांतील तोतरेपणाचा संबंध जनुकीय बदलांशी असल्याचे दिसून आले. म्हणजे हा दोष जिभेचा नाही आणि केवळ संगोपनाचाही नाही. परंतु श्रोत्याच्या वागण्याने त्याचे ओझे वाढते वा हलके होते. 1980च्या दशकात सिडनी येथे विकसित झालेल्या लिडकोम्ब पद्धतीत लहान मुलांच्या उपचाराची सूत्रे तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली पालकांकडे सोपवली गेली. किशोरवयीनांच्या उपचारात शब्दाचा सावकाश आरंभ करण्याच्या सरावाइतकेच बोलण्याची भीती घटवण्याला महत्त्व असते.

मराठवाड्याचे अंतर

औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 मध्ये स्थापन झाले. त्यावेळी वाचा-उपचाराचे शिक्षण देशात सुरूही झालेले नव्हते. 1960च्या दशकाच्या मध्यास मुंबईचे नायर रुग्णालय व म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था येथे त्याचा पाया घातला गेला. 1983 मध्ये मुंबईतच अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. मुंबई येथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. हा उपचार एका भेटीत संपत नाही. तो कित्येक महिने, नियमित चालतो. पैठण वा सिल्लोडच्या पालकांच्या दृष्टीने हे अंतर म्हणजे उपचाराचा अभावच होता.

कायद्यानेही ही उणीव पुरेशी भरून काढली नाही. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत वाचादोष नव्हता. 2016 च्या कायद्याने तो समाविष्ट केला; तथापि स्वरयंत्र काढणे वा वाचाघात यांसारख्या इंद्रियजन्य वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेले कायमस्वरूपी अपंगत्व अशी त्याची व्याख्या केली. त्यामुळे बालपणापासून तोतरे बोलणारा विद्यार्थी प्रमाणपत्राच्या व त्यावर अवलंबून असलेल्या सवलतींच्या बाहेरच राहण्याचा संभव असतो. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत भाषाविकासातील विलंबाची नोंद आहे. तोतरेपणाचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही.

समारोप

उपरोक्त इतिहासातून एक बाब स्पष्ट होते. उपचार जिभेपुरता मर्यादित होता, तोवर मूल एकटे होते. श्रोता हा उपचाराचा भाग ठरल्यावर शिक्षकाचीही जबाबदारी निर्माण झाली. विद्यार्थ्याचे वाक्य आपण पूर्ण न करणे, तोंडी परीक्षेत त्याला अधिक वेळ देणे आणि अडखळण्याला अज्ञान न समजणे यांसाठी प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. तज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात पोहोचेपर्यंत एवढे तरी प्रत्येक वर्गात व्हावयास हवे.