नव्या घराचा वास आणि फॉर्माल्डिहाइड

नवे कपाट उघडताच डोळ्यांना झोंबणारा जो दर्प येतो, त्यामागे बहुतेक वेळा फॉर्माल्डिहाइड हा रंगहीन वायू असतो. प्लायवुड, पार्टिकल बोर्ड व एमडीएफ यांतील लाकडाचे थर, भुसा वा तंतू घट्ट धरून ठेवण्यासाठी युरिया-फॉर्माल्डिहाइड हे स्वस्त चिकटद्रव्य सर्रास वापरले जाते. त्यातील सुटा वायू तर बाहेर पडतोच; शिवाय ओलाव्याने चिकटद्रव्याचे विघटन होऊन तो पुढेही दीर्घकाळ झिरपत राहतो. उष्मा व दमटपणा वाढला, की हे प्रमाण वाढते. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, खोकला आणि दमेकऱ्यांचा त्रास बळावणे ही त्याची नेहमीची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत केली. घरातील हवेत अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा याच संघटनेने २०१० मध्ये सुचविली आहे.

हा धोका जगापुढे आला तो अमेरिकेतील एका निवारा योजनेमुळे. ऑगस्ट २००५ मधील कतरिना चक्रीवादळानंतर लुइझियाना व मिसिसिपी राज्यांतील बेघरांसाठी संघराज्य सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने, म्हणजे 'फेमा'ने, हजारो ट्रेलर खरेदी केले. छोटी जागा, स्वस्त फळ्यांच्या भिंती व कपाटे, बंद खिडक्या आणि दक्षिणेकडील दमट उन्हाळा असा सारा योग तेथे जुळून आला. रहिवाशांच्या तक्रारी २००६ मध्येच सुरू झाल्या होत्या. चाचण्या केल्यास जबाबदारी अंगावर येईल, म्हणून त्या टाळाव्यात, असा सल्ला यंत्रणेच्याच वकिलांनी दिल्याचे जुलै २००७ मध्ये संसदीय समितीपुढे उघड झाले. अखेर डिसेंबर २००७ व जानेवारी २००८ मध्ये रोग नियंत्रण केंद्राने ५१९ ट्रेलर तपासले. हवेच्या अब्ज भागांत सरासरी ७७ भाग फॉर्माल्डिहाइड आढळले. काही ठिकाणी हा आकडा ५९० पर्यंत गेला. तेथील सामान्य घरांत तो १० ते २० च्या आसपास असतो. ही मोजणी हिवाळ्यातील होती हे लक्षात घेता, उन्हाळ्यापूर्वीच कुटुंबांना हलविण्याचा सल्ला केंद्राने दिला. २०१० मध्ये अमेरिकेने अशा फळ्यांतून होणाऱ्या उत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा केला. त्याच वर्षी लिलावात गेलेले ते ट्रेलर मात्र 'निवासासाठी नाही' ही सूचना चिकटवलेली असूनही पुन्हा निवासासाठीच वापरले गेले.

आपल्याकडे भाड्याचे घर पाहताना पाणी, लिफ्ट आणि पार्किंगची चौकशी होते. फळ्या कसल्या आहेत, हे कोणी विचारत नाही. अकरा महिन्यांच्या करारातही त्याचा उल्लेख क्वचितच असतो. फर्निचर करून घेणाऱ्याने निदान एवढे पाहावे : 'एमआर' दर्जाच्या प्लायवुडमध्ये सहसा युरियायुक्त चिकटद्रव्य असते, तर पाण्याला टिकणाऱ्या 'बीडब्ल्यूपी' दर्जात फिनॉलयुक्त, ज्यातून उत्सर्जन बरेच कमी होते. फळीच्या कापलेल्या उघड्या कडा लॅमिनेट वा पट्टीने बंद कराव्यात. काम पूर्ण झाल्यावर लगेच राहायला न जाता काही आठवडे दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कपाटांची दारेही! घरात मनीप्लांट ठेवल्याने हवा शुद्ध होते, हा समज बंदिस्त पेटीतील प्रयोगांवरून पसरला. राहत्या घरात त्याचा उपयोग नगण्य. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांतील हेपा गाळणीही धूळ अडवते, वायू नव्हे. डासांसाठी रात्रभर अगरबत्ती जाळणाऱ्यांनी तिच्या धुरातही फॉर्माल्डिहाइड असते, हे ध्यानात घ्यावे.

जुन्या इमारतींचे प्रश्न निराळे आहेत. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांची हमी नाही. अमेरिकेत १९७८ पूर्वीचे घर भाड्याने देणाऱ्या मालकास शिसेयुक्त रंगाविषयी असलेली माहिती भाडेकरूस करारापूर्वी द्यावी लागते. तसे बंधन आपल्याकडे नाही. म्हणून असा रंग कोरडा घासू नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावा आणि त्या वेळी लहान मुले व गर्भवती यांना घराबाहेर ठेवावे. जुने सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते शाबूत असेपर्यंत धोका कमी. मात्र त्यांना भोके पाडणे, ते कापणे वा फोडणे टाळावे, कारण त्यातून सुटणारे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांना वासही नसतो.