इनलाइन स्केटची दोन रूपे : हॉकीचे स्केट आणि रपेटीचे स्केट यांच्या वेगळेपणाचा इतिहास

प्रस्तावना

क्रीडासाहित्याच्या दुकानात शेजारीशेजारी मांडलेले दोन इनलाइन स्केट पाहिले, तर नवख्या माणसाला त्यांत फारसा भेद दिसत नाही. दोन्हींना बूट असतो, बुटाखाली चौकट असते आणि चौकटीत एकापाठोपाठ एक अशी चाके एकाच ओळीत बसविलेली असतात. बारकाईने पाहिल्यास मात्र एकाच्या टाचेमागे रबरी ठोकळ्याचा ब्रेक आढळतो, दुसऱ्याला तो नसतो. एकाचा बूट बकलांनी आवळला जातो, दुसऱ्याचा केवळ नाडीने. पहिले स्केट हौसेने रस्त्यावर वा बागेत रपेट मारणाऱ्यासाठी असते, दुसरे हॉकी खेळणाऱ्यासाठी. येथे हॉकी म्हणजे आपल्या परिचयाची मैदानी हॉकी नव्हे, तर बर्फावरील हॉकीचे चाकांवर खेळले जाणारे रूप होय.

हा भेद केवळ विक्रेत्यांच्या सोयीचा नाही. ‘खेळाडू वापरतात ते अधिक चांगले’ अशा समजुतीने ब्रेक नसलेले स्केट घेऊन उतारावर जाणारा नवखा माणूस मोठा धोका पत्करत असतो. म्हणून हा भेद कसा निर्माण झाला, हे समजून घेणे उपयुक्त आहे. रपेटीचे स्केट हे मूळ व हॉकीचे स्केट ही त्याची सुधारित आवृत्ती, असा सर्वसाधारण समज आढळतो. आधुनिक इनलाइन स्केटचा इतिहास मात्र याच्या नेमका उलट आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभीचे प्रयत्न : वळणे आणि थांबणे

चाकांच्या स्केटच्या इतिहासात पहिले नाव जॉन जोसेफ मर्लिन याचे घेतले जाते. आजच्या बेल्जियममधील ह्यूई येथे १७३५ मध्ये जन्मलेला हा कुशल यंत्रकार १७६० मध्ये लंडनला आला. सोहो भागातील कार्लाइल हाउसमध्ये मुखवटे घालून चाललेल्या एका समारंभात तो चाकांच्या स्केटवर व्हायोलिन वाजवीत आला आणि थांबता न आल्याने पाचशे पौंडांहून अधिक किमतीच्या आरशावर आदळला, अशी कथा सांगितली जाते. ही कथा टॉमस बझ्बी याच्या १८२५ मधील ग्रंथातून प्रसिद्ध झाली. मर्लिनचा मृत्यू १८०३ मधला. त्यामुळे तिच्या तपशिलांवर कितपत भिस्त ठेवावी, हा प्रश्न उरतो. तथापि तिच्यातील अडचण खरी आहे. चाकांवर वेग घेणे सोपे, पण वळणे आणि थांबणे कठीण.

१८१९ मध्ये पॅरिसमध्ये पेतिब्लेद याने चाकांच्या स्केटचे पेटंट घेतले. लाकडी तळाखाली एकाच ओळीत चाके, अशी त्याची रचना होती. म्हणजे पेटंट मिळालेले पहिले स्केट इनलाइनच होते. सर्व चाके एकाच वेळी जमिनीला टेकत असल्याने ते सरळ रेषेत चांगले धावे, परंतु वळविणे जिकिरीचे होते.

यावर उपाय सुचविला तो लंडनच्या रॉबर्ट जॉन टायर्स याने. १८२३ मध्ये त्याने ‘व्होलिटो’ नावाच्या स्केटचे पेटंट घेतले. त्यात पाच चाके एका ओळीत होती आणि मधली चाके टोकांच्या चाकांपेक्षा मोठी होती. त्यामुळे एका वेळी मोजकीच चाके जमिनीला टेकत व शरीराचा भार कलवून दिशा बदलता येई. बर्फावरील हॉकीच्या स्केटचे पातेही असेच पुढे व मागे किंचित वर वळलेले असते आणि त्याचा मधला भागच बर्फाला टेकतो. सरळ धावताना स्थैर्य हवे की वळताना चपळाई हवी, हा पेच टायर्सने चाकांच्या आकारातून सोडविला. हॉकीच्या व रपेटीच्या स्केटमधील आजचा भेद बऱ्याच अंशी याच पेचातून उद्भवला आहे.

पुढे १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स लिओनार्ड प्लिम्प्टन याने दोन चाके पुढे व दोन मागे अशी जोड्यांची रचना केली. पाय ठेवण्याचा तळ आणि चाकांचे आस यांच्यामध्ये त्याने रबराची उशी बसविली. शरीर कलविताच आस वळत आणि स्केट त्या दिशेला जाई. हे स्केट शिकण्यास सोपे व स्थिर असल्याने रिंकचा व्यवसाय भरभराटीस आला आणि एका ओळीतील चाकांचे स्केट पुढील सुमारे शतकभर मागे पडले.

पुनरुज्जीवन : हॉकीच्या गरजेतून

इनलाइन स्केट परत आले ते हॉकीच्या निमित्ताने. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर सराव कोठे करावा, ही उत्तर अमेरिकेतील हॉकीपटूंची जुनी अडचण होती. प्लिम्प्टन पद्धतीच्या स्केटवर हा सराव नीट होत नसे, कारण तेथे कडेवर जोर देऊन रेटा घेण्याची बर्फावरील सवय उपयोगी पडत नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत मॉरिस सिल्व्हर याला एका ओळीतील चाकांच्या स्केटचे पेटंट मिळाले. त्या पेटंटच्या शीर्षकातच हॉकीचा उल्लेख होता, ही बाब लक्षणीय आहे.

मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस येथील स्कॉट ओल्सन हा हॉकीपटू आणि त्याचा भाऊ ब्रेनन यांना १९८० च्या सुमारास क्रीडासाहित्याच्या दुकानात असेच एक स्केट सापडले. त्यांनी हॉकीच्या बुटाखाली पॉलियुरेथेनची चाके बसवून त्यात सुधारणा केल्या आणि घराच्या तळघरात उत्पादन सुरू केले. पुढे ‘रोलरब्लेड’ या नावाने हा व्यवसाय प्रसिद्ध झाला. ओल्सन बंधूंना अनेकदा इनलाइन स्केटचे जनक म्हटले जाते. पेतिब्लेद, टायर्स आणि सिल्व्हर यांच्या पेटंटांकडे पाहता ते जनक नव्हेत, तर पुनरुज्जीवक ठरतात. परंतु त्यांचे पहिले ग्राहक हॉकीपटू होते, याविषयी शंका नाही.

रपेटीच्या स्केटचा जन्म

१९८० च्या दशकाच्या मध्यास ओल्सन यांच्याकडून कंपनी दुसऱ्या मालकाकडे गेली आणि धोरण बदलले. हॉकीपटूंची बाजारपेठ मर्यादित होती. व्यायाम व मौज यांसाठी स्केट घेणाऱ्या सामान्य माणसांची बाजारपेठ त्याहून कितीतरी मोठी होती. मात्र या ग्राहकाने आयुष्यात बर्फावर पाऊल ठेवलेले नसण्याचीच शक्यता अधिक. घोट्यांत ताकद नाही, कडेवर तोल सावरण्याची सवय नाही, थांबण्याचे तंत्र ठाऊक नाही, अशा माणसाच्या पायांत हॉकीपटूंचे साधन द्यायचे, तर ते बदलणे भाग होते.

त्यामुळे रपेटीच्या स्केटमधील बहुतेक बदल हे नवख्याच्या उणिवा भरून काढणारे आहेत. घोट्याला आधार म्हणून उंच, टणक प्लास्टिकचा बूट आला व नाडीऐवजी बकल आले. टाचेमागील ब्रेकमुळे तंत्र न शिकलेल्यालाही थांबता येऊ लागले. हा ब्रेक लावण्यासाठी पूर्वी पायाचा पुढचा भाग उचलावा लागे व त्यात तोल जाई. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात रोलरब्लेडने नवी योजना आणली. पाय पुढे सरकवून पोटरीने बुटाची वरची पट्टी मागे रेटली की ब्रेक आपोआप खाली येई आणि चारही चाके जमिनीवरच राहत. त्याच दशकाच्या मध्यास ‘के२’ कंपनीने मऊ कापडी बूट व बाहेरून टणक आधार अशी आरामदायी रचना रूढ केली.

हॉकीच्या स्केटचे वेगळे वळण

याच काळात चाकांवरची हॉकी हा बर्फावरील खेळाचा केवळ सराव न राहता स्वतंत्र खेळ बनला. १९९३ मध्ये ‘रोलर हॉकी इंटरनॅशनल’ ही व्यावसायिक स्पर्धामालिका अमेरिकेत सुरू झाली. १९९९ च्या हंगामानंतर ती बंद पडली. या खेळात गोलरक्षकाखेरीज प्रत्येक बाजूला चार खेळाडू असतात. मोकळी जागा अधिक मिळत असल्याने अचानक दिशा बदलणे, उलट धावणे व पाय ओलांडून वळणे यांस विशेष महत्त्व येते.

खेळाच्या या मागण्यांनी स्केट घडविले. पाय ओलांडताना टाचेमागचा ठोकळा अडकतो, म्हणून ब्रेक काढला गेला. खेळाडू स्केट आडवे करून थांबतो. पक व स्टिक यांचा मार बसत असल्याने बोटांपुढे टणक कवच व घोट्याभोवती गादी आली. पायाशी घट्ट बसावे म्हणून नाडी कायम राहिली आणि गुडघा पुढे वाकावा म्हणून बुटाचा वरचा भाग तुलनेने मोकळा ठेवला गेला. ‘मिशन’ कंपनीने पुढची दोन चाके लहान व मागची दोन मोठी, उदाहरणार्थ ७६ व ८० मिलिमीटर, अशी चौकट लोकप्रिय केली. तीत चारही चाके जमिनीला टेकतात, पण शरीर किंचित पुढे झुकते व चौकट आखूड ठेवता येते. टायर्सची योजना जशीच्या तशी येथे नाही, परंतु चाकांच्या आकारातून चपळाई साधण्याची कल्पना तीच आहे.

याउलट रपेटीच्या स्केटची चाके मोठी होत गेली. एकदा वेग घेतल्यावर मोठे चाक अधिक काळ धावते व रस्त्यावरील खडे, भेगा सहज ओलांडते. २०१० च्या दशकात तर चारऐवजी तीनच पण मोठ्या चाकांचे स्केट प्रचारात आले. चाकांच्या कठीणपणातही भेद आहे. बंदिस्त रिंकच्या गुळगुळीत तळावर पकड मिळावी म्हणून हॉकीची चाके मऊ असतात. खडबडीत डांबरी रस्त्यावर ती लवकर झिजतात, म्हणून तेथे अधिक कठीण व टिकाऊ चाके वापरली जातात.

निष्कर्ष

१. आधुनिक इनलाइन स्केट हॉकीच्या सरावासाठी घडले. रपेटीचे स्केट हे त्याचे सामान्य माणसासाठी केलेले रूपांतर होय.

२. ब्रेक, उंच टणक बूट व बकल ही नवख्याच्या मर्यादा ओळखून केलेली भर आहे. त्यांचा अभाव हे हॉकीच्या स्केटचे न्यून नव्हे. ते कौशल्य तेथे खेळाडूने स्वतः कमावलेले असते.

३. स्थैर्य की चपळाई, हा पेच १८१९ व १८२३ च्या पेटंटांतही दिसतो. तो पूर्णपणे कधीच सुटला नाही. दोन प्रकारच्या माणसांसाठी दोन निरनिराळी उत्तरे तेवढी मिळाली.

म्हणून ‘कोणते स्केट चांगले?’ हा प्रश्न अपुरा आहे. थांबण्याचे कौशल्य पायांत आहे की ते साधनाकडून मिळावे अशी अपेक्षा आहे, हे आधी ठरवावे लागते. मर्लिनच्या कथेत कौशल्यही नव्हते व ब्रेकही नव्हता. त्यानंतरची वाटचाल म्हणजे या दोहोंपैकी एक तरी गोष्ट स्केट घालणाऱ्याजवळ असावी, यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास होय.