घरची पाटी, गावची शाळा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवावे, हा विचार अलीकडे पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत बराच बोलला जातो. दप्तराचे ओझे, शिकवणीवर्ग आणि खच्चून भरलेले वर्ग यांना कंटाळलेले आईबाप म्हणतात, आम्ही दोघे शिकलेले आहोत, घरी शिकवू आणि दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवू. कौतुक करणारे याला नवा प्रयोग म्हणतात आणि नाक मुरडणारेही नवाच म्हणतात. खरे तर आपल्याकडे नवी आहे ती शाळा. घरचे शिक्षण इतके जुने आहे की त्याने कोणाला काय दिले याचा हिशेब सरळ मांडता येतो. तो मांडला तर पारडे सरकारी शाळेकडे झुकते, असे माझे मत आहे. आणि तेही शाळेत चांगले शिकवतात म्हणून नव्हे.

इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला, १८२९च्या सुमारास, मुंबई इलाख्यातल्या शाळांची मोजदाद झाली. सुमारे ४७ लाख लोकवस्तीत १,७०५ शाळा आणि ३५ हजारांवर मुले भरली. शिक्षणाचे इतिहासकार सय्यद नुरुल्ला आणि जे. पी. नाईक यांनी या आकड्यांवर रास्त आक्षेप घेतला आहे, की घरी शिकणारी मुले यात धरलेलीच नाहीत. ती किती असू शकतात याचा अंदाज बंगालवरून येतो. तिथे विल्यम अॅडमने राजशाही जिल्ह्यातल्या नाटोर ठाण्यात घरोघरची चौकशी केली, तेव्हा २७ देशी शाळांत २६२ मुले निघाली आणि १,५८८ कुटुंबांत मिळून २,३८२ मुले घरीच शिकत होती. म्हणजे शाळेत एक, तर घरी नऊ. महाराष्ट्रात हेच प्रमाण असेल असे कोणी म्हणणार नाही, पण शाळा हा त्या काळच्या शिक्षणाचा एक तुकडाच होता, एवढे यातून दिसते.

पंतोजीची शाळा तरी काय होती? कोणाची तरी ओसरी, नाहीतर देवळाचा सभामंडप. लाकडी फळीवर विटेची भुकटी पसरायची, काडीने अक्षर काढायचे, हाताने मोडून पुन्हा काढायचे, ही धुळपाटी. मग बोरू आणि मोडीचा कित्ता, आणि दिवेलागणीला एका सुरात परवचा: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी. पंतोजीच्या हाती रोकड थोडी आणि शिधा जास्त. त्या मानाने घरचे शिक्षण अस्सल होते. कुळकर्ण्याचा मुलगा बापाच्या शेजारी बसून गावचे दप्तर लिहायला शिके, कारण पुढे वतन त्यालाच सांभाळायचे असे. सुताराचा मुलगा त्याच वयात वाकस धरी आणि कोणते लाकूड कोणत्या कामाचे हे हाताने ओळखी. मूल एकटे, शिकवणारा जिव्हाळ्याचा आणि पुढ्यात खरेखुरे काम! आजचे गृहशिक्षणवाले ज्याची आस धरतात ते सगळे इथे होते. फक्त कुळकर्ण्याच्या पोराला वाकस धरता येत नसे आणि सुताराच्या पोराला मोडी वाचता येत नसे. पहिल्याचे त्यावाचून काही अडत नसे. दुसऱ्याला मात्र आपल्याच बापाचे कर्जखत वाचून घ्यायला पहिल्याच्या ओसरीवर जाऊन उभे राहावे लागे. घर शिकवणार ते घरात असेल तेच, आणि शिकवणार त्यालाच, ज्याला शिकवावेसे घराला वाटेल.

यावर एक जोरदार आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. महाराष्ट्रातल्या शिकलेल्या पहिल्या स्त्रिया घरीच तर शिकल्या! सावित्रीबाईंना अक्षरे शिकवली जोतीराव फुल्यांनी. पंडिता रमाबाईंना संस्कृत आईने शिकवले, आणि त्या आईला, लक्ष्मीबाईंना, पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी. बायकोला संस्कृत शिकवतो म्हणून शास्त्रीबोवांना टीका सोसावी लागली आणि अखेर गंगामूळच्या रानात बिऱ्हाड मांडावे लागले. आनंदीबाई जोशींमागे पती गोपाळरावांचा हट्ट होता. रमाबाई रानडे अकराव्या वर्षी सासरी आल्या आणि पती न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना पाटीवर अक्षरे काढायला लावली. घरातल्या बायकांनी त्यापायी त्यांना किती छळले, हे त्यांच्या आठवणींत सविस्तर आले आहे. घर नसते तर यांतली एकही शिकली नसती, हे मला मान्य आहे. पण प्रत्येकीच्या मागे एक विलक्षण पुरुष होता, आणि तो नसता तर त्याच घरात तिच्या हाती पाटीऐवजी पोळपाट आला असता, हेही तितकेच खरे. शिवाय घरी शिकलेल्या या बायकांनी पुढे काय केले ते पाहा. सावित्रीबाई १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्याच्या सेवासदनाची उभारणी केली. घरच्या शिक्षणाची थोरवी त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? तरीही ‘आपापल्या घरी शिका’ असे त्यांनी मुलींना सांगितले नाही. तसा सूर लावणारे दुसरेच होते. पुण्यातले मुलींचे हायस्कूल १८८४ साली निघाले, त्यावर शाळेचे तास कमी ठेवावेत, मुलींचा बाकीचा वेळ घरकामाला मोकळा असावा, अशी टीका टिळकांच्या ‘मराठा’तून झाली होती.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. सरकारी शाळा तरी कुठे सर्वांची होती? आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे. ही शाळेची बाजू म्हणून मांडायची? हो, मांडायची, आणि त्यासाठी धारवाडचे प्रकरण नीट पाहायचे. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने तिथल्या सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. मुंबई सरकारनेही नकार उचलून धरला. एका मुलासाठी इतरांना शाळा निरुपयोगी होईल, असे कारण दिले. प्रकरण वर गेले आणि पुढे लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी कळवले की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत. गावोगावी हे अमलात यायला पुढची कित्येक दशके गेली. पण त्या मुलाला अर्ज करता आला, नकाराचे कारण लेखी द्यावे लागले आणि ते कारण चुकीचे ठरवता आले. कुळकर्ण्याच्या ओसरीवर असा अर्ज कोण करणार आणि कोणाकडे? शाळा वाईट असली तर तिला जाब विचारता येतो, हा तिचा सगळ्यात मोठा गुण मला वाटतो. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे फुल्यांनी तेच केले. सरकारी पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असे सुनावून त्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले.

सक्ती हा शब्द गृहशिक्षणवाल्यांना खटकतो. मूल आमचे, सरकार कोण सांगणारे, असा त्यांचा सवाल असतो. हा सवालही जुनाच आहे. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. सयाजीरावांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर सक्ती केली, शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात केली आणि मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. हा दंड शिकलेल्या घरांसाठी नव्हता. ज्या मुलाचे मजुरीचे चार पैसे घराला लागत, त्याच्यासाठी होता. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे दहावे कलम पालकाचे कर्तव्य सांगते तेही याच वळणाने. आजारी मुलाला, शाळेत छळ सोसणाऱ्या मुलाला घरी ठेवावे, त्यात वाद नाही. पण ज्यांना मुख्याध्यापकाच्या खोलीत बसून जाब विचारता येतो, अर्ज लिहिता येतो, तेच आईबाप आपले मूल काढून घेऊ लागले, तर मागे राहिलेल्या मुलांच्या वतीने विचारणार कोण? आपले मूल घरी जास्त शिकेल, हे कदाचित खरेही असेल. माझ्या मते एवढ्यावर शाळा सोडता येत नाही.

शारदा सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. त्यांचे भाऊ नरहरपंत शिकलेले होते, धोंडो केशव कर्व्यांचे मित्र होते, मुंबईत राहत होते. बहिणीला त्यांनी शाळेतच घातले.